विश्लेषण : रॉकच्या रेकॉर्ड घरच्या टर्नटेबलवर कर्कश का वाजतात?

तीन-चार हजार रुपये मोजून रॉकची रेकॉर्ड आणली. पहिली दोन गाणी झकास वाजली, पण बाजू संपत आली तसा गायकाचा आवाज फाटू लागला आणि झांजा फुटक्या पत्र्यासारख्या वाजू लागल्या. अशा वेळी दोष रेकॉर्डला दिला जातो, नाही तर स्पीकरला. प्रत्यक्षात दुखणे बहुतेकदा सुईच्या टोकाशी असते. चूक असते एखाद-दोन मिलिमीटरची, आणि ती दुरुस्त करायला फारसा खर्च येत नाही.

हा विषय आताच का?

अमेरिकेत २०२२ मध्ये सुमारे ४ कोटी १० लाख रेकॉर्ड विकल्या गेल्या, तर सीडी ३ कोटी ३० लाख. नगसंख्येत रेकॉर्डने सीडीला मागे टाकण्याची १९८७ नंतरची ती पहिलीच वेळ होती. २०२४ मध्ये तिथली रेकॉर्डची उलाढाल १.४ अब्ज डॉलरवर गेली. भारतातली बाजारपेठ त्या मानाने चिमुकली आहे. तरी काळा घोड्याचे ‘ऱ्हिदम हाऊस’ २०१६ मध्ये बंद झाले त्याच मुंबईत २०२४ मध्ये रेकॉर्ड छापणारा कारखाना सुरू झाला. नव्या ग्राहकांतले अनेक जण पहिल्यांदाच टर्नटेबल हाताळत आहेत. पूर्वी दुकानदार यंत्र जुळवून देत असे. आता ते खोक्यातून घरी येते आणि जुळवणी ज्याची त्याने करायची असते.

रॉकच जास्त त्रास का देते?

सतारीच्या किंवा पियानोच्या ध्वनिमुद्रणात सुरांना मोकळी जागा असते. रॉकमध्ये विद्रूप केलेली गिटार, झांजा आणि वरच्या पट्टीतला आवाज एकाच वेळी खाचेत कोंबलेले असतात. गिटारचा खरखरीतपणा मुद्दाम आणलेला असतो. त्यात सुईची स्वतःची खरखर मिसळली की कान वैतागतो, पण कोणती खरखर कुणाची हे सांगता येत नाही. त्यामुळे यंत्रातला दोष ‘हे संगीतच असे’ म्हणून वर्षानुवर्षे खपून जातो.

जुळवणीला हात घालण्याआधी एक गोष्ट तपासावी. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि तार सप्तक वाढवलेले असते. ‘आरआयएए’ या नावाने १९५०च्या दशकात रूढ झालेल्या या प्रमाणानुसार २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबलची घट असते. फोनो प्रीअॅम्प ती भरून काढतो. टर्नटेबल थेट ‘ऑक्स’मध्ये जोडले तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो. उलट टर्नटेबलमधला प्रीअॅम्प चालू ठेवून पुन्हा अॅम्प्लिफायरच्या ‘फोनो’त जोडले, तर खर्ज घुमतो आणि सगळेच फाटते. अनेकांचे दुखणे इथेच संपते.

शेवटचे गाणेच का फाटते?

रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते. आतल्या टोकाला तोच वेग २१ सेंटिमीटरवर येतो. म्हणजे झांजेचा तोच आवाज निम्म्याहून कमी लांबीत बसवावा लागतो आणि सुईला तितकीच बारीक वळणे घ्यावी लागतात. लेड झेपलिनच्या १९७१ च्या चौथ्या अल्बममध्ये ‘स्टेअरवे टू हेवन’ पहिल्या बाजूला शेवटी आहे. गाणे हळुवार सुरू होते आणि सर्वांत मोठा गदारोळ नेमका सर्वांत मंद खाचेवर येतो. गन्स एन’ रोझेसचा ‘अॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ (१९८७) तर जवळपास ५४ मिनिटांचा, आणि तो एकाच तबकडीत बसवलेला.

यात भर पडते ती कोनाची. रेकॉर्ड कापणारे यंत्र सरळ रेषेत सरकते, पण घरचा टोनआर्म एका खिळीभोवती कमानीत फिरतो. त्यामुळे सुई खाचेला अचूक समांतर फक्त दोनच ठिकाणी असते. बेअरवाल्ड या प्रचलित पद्धतीत ही ठिकाणे मधल्या खिळीपासून साधारण ६६ आणि १२१ मिलिमीटरवर येतात. स्टीव्हन्सन पद्धतीत आतले ठिकाण ६० मिलिमीटरवर, म्हणजे जवळपास शेवटच्या खाचेवर येते, पण मधल्या गाण्यांत चूक थोडी वाढते. सुरुवात बेअरवाल्डने करणेच बरे. तक्रार फक्त शेवटच्या गाण्यापुरती उरली, तर स्टीव्हन्सन करून पाहायला हरकत नाही.

यासाठी लागतो तो कागदी प्रोट्रॅक्टर. तो छापताना प्रिंटरने आकार बदललेला नाही ना, हे पट्टीने मोजून घ्यावे, नाही तर पुढची सारी मेहनत पाण्यात. कार्ट्रिजचे दोन स्क्रू सैल करून ती पुढे-मागे सरकवायची आणि दोन्ही ठिकाणी प्रोट्रॅक्टरवरच्या रेघांना समांतर आणायची. पहिल्या खेपेला तासभर जातो.

सुईवर वजन किती हवे?

प्रत्येक कार्ट्रिजचे वजन ठरलेले असते. ऑर्टोफोनच्या ‘२एम रेड’ला १.८ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निकाच्या ‘व्हीएम९५ई’ला २ ग्रॅम. आर्मवरच्या आकड्यांवर विसंबू नये. डिजिटल वजनकाटा काही शे रुपयांत मिळतो. वजन कमी ठेवले तर रेकॉर्ड कमी झिजते, हा समज चुकीचा आहे. हलकी सुई जोरदार खाचेत उसळते आणि भिंतींवर आपटते, आणि ती इजा कायमची असते. फाटका आवाज ऐकू येत असेल तर दिलेल्या मर्यादेतले वरचे वजन ठेवावे.

मात्र सुई घसरते म्हणून आर्मवर रुपयाचे नाणे ठेवण्याचा जुना घरगुती उतारा नको. ते नाणे तीन ग्रॅमहून जड असते. म्हणजे भार एकदम दुपटीच्या पुढे.

सुई घसरण्यामागे दर वेळी रेकॉर्डच असते असेही नाही. १९६९ मध्ये बॉब लडविग यांनी ‘लेड झेपलिन २’ दणदणीत पातळीवर कापली. अटलांटिक कंपनीचे प्रमुख अहमत एर्तेगुन यांच्या मुलीच्या साध्या प्लेअरवर ती उड्या मारू लागली, आणि कंपनीने आवाज उतरवून ती नव्याने कापून घेतली, अशी हकीकत लडविग यांनीच सांगितली आहे. ‘आरएल’ अशी खूण कोरलेल्या त्या पहिल्या प्रतींसाठी संग्राहक आज भरमसाट किंमत मोजतात. दोष प्लेअरचा होता आणि कात्री रेकॉर्डला लागली.

आर्मची उंची आणि अँटीस्केटिंगचे काय?

रेकॉर्डवर सुई टेकलेली असताना आर्म आडवा, समतल दिसला की पुरे. नेहमीच्या नऊ इंची आर्ममध्ये उंची चार मिलिमीटर बदलली तरी कोन जेमतेम एक अंशाने बदलतो. यावर रात्री जागवणारे शौकीन आहेत, त्यांना जागू द्यावे. अँटीस्केटिंग वजनाच्या आकड्याइतके ठेवावे. उजव्या स्पीकरमधूनच फाटका आवाज येत असेल, तर ते थोडे वाढवावे.

नवी कार्ट्रिज घ्यावी का?

आधी फक्त सुई, म्हणजे बोलीभाषेतली पिन, बदलून पाहावी. ‘व्हीएम९५’ मालिकेत तोच सांगाडा ठेवून गोल टोकाच्या सुईपासून मायक्रोलाइन आणि शिबाता टोकापर्यंत कोणतीही सुई बसते. बारीक टोक आतल्या खाचांतली वळणे नीट पकडते. रॉकसाठी पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करावेत. एक इशारा मात्र आहे. टोक जितके बारीक, तितकी कोनातली चूक जास्त ऐकू येते. जुळवणी न करता महागडी सुई लावणे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

बाजूच्या सुरुवातीपासूनच आवाज टोचत असेल, तर वायर तपासावी. याच मालिकेला १०० ते २०० पिकोफॅरड एवढी विद्युतधारिता सुचवलेली आहे. लांब वायर आणि प्रीअॅम्प मिळून ती सहज ओलांडली जाते आणि वरच्या सुरांत उंचवटा तयार होतो. आखूड वायरने तो बराच बसतो. खर्ज घुमत असेल, तर स्पीकर आणि टर्नटेबल एकाच फळीवर नाहीत ना, हे पाहावे. स्पीकरची थरथर सुईतून पुन्हा अॅम्प्लिफायरमध्ये जाते.

जुळवणीने काय सुधारत नाही?

आधीच्या मालकाने बोथट सुईने झिजवलेली रेकॉर्ड. चोरबाजारातून किंवा पदपथावरून घेतलेल्या जुन्या रॉक रेकॉर्डमध्ये अशा बऱ्याच निघतात. प्रकाशात त्या चकाकत असल्या, तरी शेवटच्या गाण्यात खरखरतात. म्हणून विकत घेण्याआधी शक्य असेल तर बाजूचे पहिले नव्हे, शेवटचे गाणे वाजवून पाहावे.