घरात कट्टे, बाजारातून डबा

(द्वितीय वर्ष, कला)

दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस आमच्या घरी एक परीक्षा होते. परीक्षक माझे वडील आणि परीक्षार्थी शंभर. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचे, रोज पाणी शिंपडायचे आणि आठवड्याने उलगडून मोजायचे. सत्तर किंवा त्याहून अधिक दाण्यांना चांगले कोंब आले तर बियाणे पास. कमी आले तर पेरताना बी वाढवायचे, नाहीतर कृषी केंद्राची पायरी चढायची. मोजणी झाली की ते बोटभर लांबीचे पांढरे कोंब शेळीपुढे जातात. मला कळू लागल्यापासून मी हे पाहतो आहे.

गेल्या वर्षी मोबाईलवर एका कोरियन आजीबाईंचा स्वयंपाक पाहिला. भाषा एक अक्षर कळली नाही. पण त्यांच्या टोपलीत काय आहे ते मात्र तत्काळ कळले. पिवळे डोके, पांढरी शेपटी. अहो, ही तर आमच्या शेळीची वैरण! आजीबाईंनी ते कोंब धुतले, पातेल्यात पाण्याबरोबर टाकले, झाकण ठेवले, मग लसूण, मीठ, पातीचा कांदा. दहा-पंधरा मिनिटांत सगळे घर त्या गरम पाण्याचे भुरके मारत भात खाऊ लागले. या कोंबांना तिकडे 'कोंगनामुल' म्हणतात आणि ती रोजची भाजी आहे.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. आमच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव निघाला की तो दूरदूरचे शेतकरी विचारतात. या पिकात मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही देशातली आघाडीची राज्ये. आणि तरीही आमच्या गावात कोणाच्या ताटात सोयाबीन दिसेल तर शपथ! दाणा मळणी यंत्रातून कट्ट्यात, कट्ट्यातून आडतीवर आणि तिथून तेलाच्या कारखान्यात. तेल निघाल्यावर उरलेली पेंड कोंबड्यांना जाते. आमच्या आजोबांच्या वेळी याच रानात ज्वारी, मूग, उडीद होता. त्याला भाव आला नाही तर निदान तो कणगीत राहायचा आणि घर जेवायचे. सोयाबीनचे तसे नाही. २०२४ साली हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि कितीतरी शेतकऱ्यांनी त्याच्याही खाली माल घातला. विकला नाही तर करणार काय? जे खाता येत नाही ते घरात ठेवून काय उपयोग, असे सगळे म्हणतात. माझा वाद इथेच आहे. ते खाता येत नाही, की आपल्याला खाता येत नाही?

त्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला सारखी चक्कर येऊ लागली. डॉक्टर म्हणाले, अंगात काही नाही, प्रथिने द्या. आबांनी शहरातून पावडरचा डबा आणला. साडेसहाशे रुपये, तेही उसने. आमच्या घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच, म्हणून डबा माझ्या हाती आला; किती चमचे द्यायचे ते सांग म्हणाले. मी मागची बारीक अक्षरे वाचली. त्यात पहिल्याच ओळीत सोयाचे प्रथिन लिहिले होते. ओसरीवर भिंतीला लागून सोयाबीनचे चाळीस कट्टे भाव वाढण्याची वाट पाहत उभे होते. मी आबांना चमचे सांगितले. दुसरे काही सांगितले नाही. सांगण्याचे धाडस झाले नाही म्हणा.

पुढे अभ्यास सोडून मी याच्या मागे लागलो. (सरांनी गैरसमज करून घेऊ नये, पास झालो आहे.) सुक्या सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. तेल काढलेल्या पिठाच्या ज्या वड्या वाण्याकडे मिळतात त्यांत प्रथिने निम्म्याच्या आसपास. हे तर आपल्याला शाळेत भिंतीवरच्या तक्त्यातही शिकवतात. गांधीजींनी १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन जेवणात आणून पाहिले आणि 'हरिजन'मधून त्यावर लिहिलेही. म्हणजे उपदेशाला नव्वद वर्षे होत आली. मग अडले कुठे?

माझ्या मते ते हाताशी अडले. आमच्या आईने कोणाचे ऐकून एकदा सोयाबीन भिजवून, वाटून पाहिले होते. त्याला असा कच्चट वास सुटला की ते जनावरांच्या पाटीत गेले आणि "हे माणसाचं खाणं नव्हं" असा निकाल लागला. निकाल चुकीचा होता, पण आईचा दोष नव्हता. दाणा गार पाण्यात वाटला की त्यातले एक विकर तेलावर काम करते आणि तो वास येतो. तोच दाणा आधी उकळत्या पाण्यात टाकला तर विकर निकामी होते. शिवाय कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारा एक घटक असतो, तोही चांगले शिजवल्यावर जातो. चीन, जपान, कोरिया, जावा इथल्या बायकांना विकर हा शब्द ठाऊक नसेल, पण शेकडो वर्षे हे पीक घरात असल्याने हाताला ठाऊक होते. म्हणून त्यांनी त्याचे दूध काढले, दूध फाडून टोफू केला, जावात केळीच्या पानात बुरशी लावून टेंपे केले. आमच्याकडे पीक आले ते थेट मोंढ्याच्या वाटेने. चुलीच्या वाटेने आलेच नाही.

मात्र मोड आणण्याची विद्या आमच्याकडे आहे! मटकी फडक्यात बांधून खुंटीला टांगणारी आई काही कोरियन आजीबाईंपेक्षा कमी नाही. फरक इतकाच की आपण टाचणीएवढे मोड आले की उसळ करतो. ते लोक मूग चार-पाच दिवस अंधारात ठेवतात, दिवसातून तीन-चारदा पाणी ओतून निथळू देतात, आणि बोटभर कोंब भाजीसारखे वापरतात. आम्ही तिघे मित्र शहरात खोली करून राहतो. तिथे तळाला भोके पाडलेल्या डालड्याच्या जुन्या डब्यात हा प्रयोग केला. पहिल्या खेपेला पाणी साचून मूग कुजले आणि घरमालकीणबाईंनी खोली सोडायला सांगितले. दुसऱ्या खेपेला जमले.

आता आमचा आठवड्यातून तीनदा होणारा बेत सांगतो. सोयाच्या वड्या मिठाच्या पाण्यात उकळाव्या, गार पाण्यात घालून दोन्ही तळहातांत दाबून पिळाव्या, असे तीनदा करावे. येथे आळस केला तर वास राहतो. लोखंडी कढई चांगली तापू द्यावी, तेलात ठेचलेले आले-लसूण, मग वड्या, त्या तांबूस झाल्या की कोबी आणि शेवटी मुगाचे कोंब. कोंब मिनिटभरच. नंतर सोया सॉस. कॉलेजच्या फाटकासमोरच्या चायनीजच्या गाडीवर आपण तो काळा सॉस रोज खातो. तो सोयाबीनचाच आंबवलेला रस, हे कितीजणांना माहीत आहे? दुसरा प्रकार इंडोनेशियाचा, गाडो-गाडो. उकडलेल्या भाज्या, कोंब, टोफू, आणि वरून शेंगदाण्याचे दाट, तिखट-आंबट-गोड कालवण. शेंगदाण्याचे कूट, चिंच, गूळ, मिरची! मराठवाड्याच्या माणसाला यात परके काय आहे?

आपल्याकडे भाषणांत सोयाबीनला 'गरिबांचे मांस' म्हणण्याची पद्धत आहे. मला तिचा राग येतो. जो पदार्थ गरिबांचा म्हणून वाढला जातो तो गरीबच सर्वांत आधी ताटाबाहेर सारतो, कारण त्याला चारचौघांत गरीब दिसायचे नसते. जपानच्या बौद्ध विहारांत टोफू भिक्षूंनी खाल्ला तसा श्रीमंतांच्या पंगतीतही वाढला गेला. आधी चव लागू द्या, प्रथिनांचे नंतर पाहू.

घरी खाल्ल्याने मोंढ्यातला भाव वाढेल असे मी म्हणत नाही. एवढे अर्थशास्त्र मला कळते. चाळीस कट्ट्यांतला एखादाच घरात लागेल. पण तो लागावा.

दिवाळीत गावी जाऊन मी टोफू केला. भिजवलेला दाणा उकळत्या पाण्यातून काढून वाटला, दूध फडक्यातून गाळून पुन्हा उकळले, लिंबू पिळले, फडके बांधून वर पाटा ठेवला. आई दाराशी उभी राहून पाहत होती. मुलगा चुलीपाशी, याचेच तिला जास्त. बहिणीने दोनदा घेतले. आई म्हणाली, "पनीरच की रं हे. मीठ कमी हाय." आबा काही बोलले नाहीत, पण या मे महिन्यात त्यांनी गोणपाटावर शंभराऐवजी तीनशे दाणे मांडले. हे दाणे घरच्या, औषध न लावलेल्या बियाण्याचे असतात. दुकानातले औषध लावलेले बी कोणी चुकूनही खाऊ नये, ते विष आहे.

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांनी शनिवारी संध्याकाळी आमच्या खोलीवर यावे. प्राध्यापक मंडळींचेही स्वागत आहे. ताटली मात्र आपली आणावी, आमच्याकडे तीनच आहेत.