गुहेतल्या माणसाची बाजू

माणूस पूर्वी गुहेत राहत होता, असं आपण सगळे शाळेत शिकलो. पुस्तकात चित्रही होतं. एक डोंगर, डोंगराला एक भोक, भोकाच्या तोंडाशी शेकोटी आणि शेकोटीपाशी एक दाढी वाढलेला गृहस्थ. कमरेला कातडं, हातात सोटा आणि चेहरा असा, की आत्ताच कुणीतरी त्याचा कर्जाचा अर्ज नामंजूर केलाय. त्या एका चित्रानं त्या बिचाऱ्याची कायमची बदनामी झाली. तेव्हापासून जिन्यात पान खाऊन थुंकणारा माणूस 'रानटी' ठरतो. खरं म्हणजे त्या गृहस्थाला ना पान माहीत होतं, ना जिना. घरात वॉशिंग मशीन नसलं की पाहुणे विचारतात, "काय हो, अश्मयुगात राहता काय?" आणि खोलीत उजेड कमी असला की सौ. म्हणतात, "ही काय गुहा आहे?"

या बदनामीविरुद्ध मी आज वकीलपत्र घेतलं आहे. अशील हजर राहू शकत नाही आणि फी मिळण्याची आशा नाही. पण बाजू खरी आहे आणि ती कुणीतरी मांडायला हवी.

पहिला मुद्दा असा, की 'माणूस गुहेत राहत होता' हे विधानच हिशेबात बसत नाही. राहत होता, नाही असं नाही. मध्य प्रदेशात भीमबेटकाच्या शैलाश्रयांत राहिला, तिथे भिंतींवर चित्रं काढली. ती जागा विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ साली उजेडात आणली आणि २००३ साली ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. पण गुहा काही हाक मारली की मिळत नाही. ती जिथे असते तिथेच असते, आणि शिकार, कंदमुळं, पाणी बहुतेक वेळा दुसरीकडे असतं. मग माणूस रोज इतकी पायपीट करील? तो सरळ नदीकाठी फांद्या रोवील, वर गवत टाकील आणि आडवा होईल. झालं काय, की फांद्या कुजल्या, गवत वाळवीनं खाल्लं आणि गुहा तेवढी शिल्लक राहिली. शिल्लक तीच खरी असं धरून आपण मोकळे झालो. मी जन्मभर खतावण्या लिहिल्या आहेत. नुसती अखेरची शिल्लक बघून मधल्या व्यवहारांबद्दल बोलू नये, एवढं मला कळतं.

उद्या दहा हजार वर्षांनी कुणी कोल्हापूर उकरलं, तर फ्लॅट, पत्र्याच्या शेड, भेळेच्या गाड्या, सगळं मातीत गेलेलं असेल. सापडेल फक्त आमच्या बँकेची स्ट्राँगरूम. मग तेव्हाचे विद्वान लिहितील, 'हे लोक पोलादी दाराच्या, बिनखिडकीच्या खोलीत राहत आणि रात्री बाहेरून कुलूप लावून घेत.' शाळेतली पोरं ते पाठ करतील. त्याला एक मार्कही असेल.

आपल्या महाराष्ट्रात तर हा घोटाळा आणखी मोठा. गुहा म्हटलं की आपल्याला अजिंठा-वेरूळ आठवतं. पण ती लेणी आहेत. छिन्नी-हातोड्यानं कोरलेली, अगदी अलीकडची. अलीकडची म्हणजे सव्वादोन हजार वर्षांच्या आतली. आदिमानवाचा त्यांच्याशी काही संबंध नाही. तो राहत होता नदीकाठी, उघड्यावर. प्रवरेच्या काठी नेवाशाजवळ चिरकी इथं १९६०च्या दशकात गुड्रुन कॉर्विनस या जर्मन बाईंनी उत्खनन केलं. तिथे त्याची दगडी हत्यारं निघाली, आणि ती डोंगरातल्या भोकात नव्हती.

बरं, त्याला बांधकाम येत नव्हतं, असं म्हणावं तर तेही खोटं. आफ्रिकेत झांबियामध्ये कलांबो धबधब्यापाशी दोन ओंडके सापडले. एकावर दुसरा आडवा बसवलेला आणि खालचा निसटू नये म्हणून वरच्याला मुद्दाम खाच पाडलेली. २०२३ साली त्यांचं वय जाहीर झालं, चार लाख शहात्तर हजार वर्षं! म्हणजे आपली जात जन्माला यायच्याही आधी कुणीतरी सुतारकाम करत होतं. ती खाच घराची होती की नुसत्या फळीवाटेची, यावर विद्वान वाद घालोत. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला सुतारानं पाडलेली खाच पाच वर्षांत सैल झाली आहे, एवढंच मी नमूद करतो.

इस्रायलमध्ये गॅलिलीच्या सरोवराचं पाणी १९८९ साली दुष्काळानं ओसरलं आणि तळाशी तेवीस हजार वर्षांपूर्वीच्या फांद्यांच्या झोपड्या दिसल्या. एका झोपडीत जमिनीवर गवताचं अंथरूणसुद्धा होतं. युक्रेनमध्ये मेझिरिच गावी १९६५ साली एक शेतकरी तळघर वाढवायला खणत होता. त्याच्या कुदळीला लागला मॅमथचा जबडा. पुढं पाहिलं तर पंधरा हजार वर्षांपूर्वीचं, हाडं रचून केलेलं घर! लाकूड नाही ना, मग हाडं तर हाडं. आपण सिमेंटची गाडी दोन दिवस आली नाही तर काम बंद ठेवतो.

पण परदेशची साक्ष कशाला? आपल्या पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी, सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर यांनी, तिथे १९६८पासून पुढे दहा-बारा हंगाम खणलं. त्यावर १९८८ साली मोठा अहवाल निघाला. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं तिथे शेतकरी नांदले. सव्वाशेहून जास्त घरं सापडली. ती वाचून मी थक्क झालो, कारण ती घरं मला ओळखीची वाटली. चौकोनी घर, बुटकी मातीची भिंत, तिच्यावर कूड, वर गवताचं छप्पर. चोपून केलेली जमीन. आत चूल, धान्याच्या कणग्या, मधे आडोसा. घरं एका ओळीत आणि दोन घरांमध्ये जायला-यायला जागा सोडलेली. म्हणजे साइड मार्जिन! साडेतीन हजार वर्षांपूर्वी, कुठलीही महापालिका नसताना.

कुंभार, सोनार वगैरे कारागिरांची घरं गावाच्या पश्चिमेच्या कडेला. कुंभार गल्ली ही काही आमच्या शाहूपुरीचीच मक्तेदारी नव्हे, हे वाचून मला जरा वाईटच वाटलं. एक घर मात्र चांगलं पाच खोल्यांचं आणि त्याला लागूनच धान्याचं कोठार. हे गावच्या प्रमुखाचं घर असावं, असं ढवळीकर म्हणतात. कोठाराशेजारी ज्याचं घर तो प्रमुख, हे शास्त्र त्या काळापासून चालत आलं आहे. त्यासाठी उत्खननाची गरज नव्हती, शाहूपुरीतल्या गोदामांवरून एक फेरी मारली असती तरी चाललं असतं.

बाजू मांडायची म्हणजे अशिलाचं दुःख लपवायचं नाही. त्या घरांत मुलं फार मरत. मेलेलं मूल दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून ठेवायचे आणि घरातच जमिनीखाली पुरायचे. ज्या जमिनीवर आईनं चूल पेटवायची, तिच्याच खाली. थोरांनाही घरात नाही तर अंगणात पुरत आणि पुरण्याआधी त्यांचे पाय घोट्यापासून तोडत. का? तर मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. ऐकून अंगावर काटा येतो. पण मग मी आमची गल्ली बघतो. तीन फ्लॅटना वर्षभर कुलूप, पोरं पुण्याला, नातवंडं कॅनडात, आणि हप्ते चालू. घराला माणसानं धरून राहावं म्हणून त्यांनी जे केलं ते भयंकर खरं. पण घर म्हणजे काय हे त्यांना कळत नव्हतं, असं निदान आपण तरी म्हणू नये.

यावर आमच्या ओळखीचे एक बांधकामवाले हसतात. "साहेब, मातीची घरं ती! एका पावसात वाहून जायाची. आमचं आरसीसी बघा, शंभर वर्षं हलायचं न्हाई." कर्जाची मुदत वीस वर्षं आणि पंचविसाव्या वर्षी 'रीडेव्हलपमेंट'ची नोटीस, हा माझा रोजचा अनुभव मी त्यांना ऐकवत नाही. शिवाय मुद्दा भिंतीचा नाहीच. मुद्दा पाण्याचा आहे.

इनामगावच्या लोकांनी नदीकाठी घरं बांधली, पण नदीला विचारून. त्यांनी दगड-मातीचा बांध घातला, पाट खणला आणि पुराचं पाणी वळवून त्यात घेतलं. पूर म्हणजे संकट खरं, पण त्याला वाट दिली तर तेच शेताचं पाणी, हा हिशेब त्यांना लिहिता-वाचता येत नसताना जमला. पुढं इसवी सनापूर्वी १०००च्या सुमाराला पाऊस उणावला, तेव्हा त्यांनी मोठी चौकोनी घरं सोडली आणि लहान गोल झोपड्या बांधल्या. अंथरूण पाहून पाय पसरले. शेवटी तेही जमेना, तेव्हा गाव सोडलं. हरले, पण आकाशाला शिव्या देत बसले नाहीत.

आमचे कोल्हापूरचे पूर्वजही काही कमी नव्हते. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीचं टेकाड आहे. तिथे १९४५-४६ साली सांकलिया आणि दीक्षितांनी खणलं, तेव्हा सातवाहन काळातल्या विटांच्या घरांची वस्ती निघाली. नदीजवळ, पण टेकाडावर! तिथेच ग्रीक समुद्रदेवाची, पोसायडनची, काशाची सुबक मूर्ती मिळाली. ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. समुद्रापासून इतक्या लांब हा देव कशाला आला, असं लोक पूर्वी विचारत. आता विचारत नाहीत. देव आधी येऊन बसला, पाणी मागाहून आलं.

२०१९च्या ऑगस्टात आलं आणि २०२१च्या जुलैत पुन्हा आलं. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. नदी फुगली, की जयंती नाल्याला तिच्यात शिरता येत नाही. मग तो मागं फिरतो आणि गल्ल्यांत घुसतो. ज्या शाहूपुरीची पेठ शाहू महाराजांनी १८९५ साली सरळ गल्ल्या आखून वसवली, तिच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती पाण्यातून उचलून न्यायची वेळ आली. आता नाला तोच, नदी तीच. मधे फरक पडला तो एवढाच, की पाण्यानं पसरायच्या जागेवर आपण भराव टाकला, पार्किंग केलं आणि इमारतीला नाव दिलं 'रिव्हर व्ह्यू'. लोकांनी पैसे मोजून नदीचं दर्शन विकत घेतलं. तिनं घरपोच दिलं, यात तिचं काय चुकलं?

आता मला सांगा, रानटी कोण? नदी कुठवर येते हे बघून कूड रोवणारा, की नदीच्या अंथरुणावर पाय पसरून वर तिलाच 'महाभयंकर' म्हणणारा?

गृहकर्जाच्या फायली रोज माझ्या टेबलावरून जातात. सातबारा असतो, मंजूर नकाशा असतो, अभियंत्याचा दाखला असतो, सोसायटीचं ना-हरकत पत्र असतं, जामीनदाराच्या पगाराची स्लिपसुद्धा असते. पूररेषाही नकाशावर आखलेली असते, निळी वेगळी, लाल वेगळी. पण माणूस तिच्यावरून वाकून सही करतो आणि पाण्याला नकाशा वाचता येत नाही. त्या जाडजूड फायलीत सगळ्यांची हरकत नसते. फक्त एकाच पक्षाचं पत्र आजवर मी पाहिलेलं नाही. ते नदीचं. इनामगावकरांकडे एकही कागद नव्हता, पण एवढं एक पत्र त्यांनी घेतलेलं होतं.

तेव्हा यापुढं कुणाला शिवी द्यायची असेल तर खुशाल द्या, कोल्हापुरात शब्दांना तोटा नाही. गुहेतल्या माणसाला मात्र त्यात ओढू नका. त्यानं ओढ्यात पार्किंग केलं नव्हतं.