ठपक्याची घाई नको

अहमदाबादच्या एअर इंडिया विमान अपघाताचा ठपका प्राथमिक अहवालातील दोन वाक्यांवरून वैमानिकांवर ठेवणे आम्हाला मान्य नाही. इंधन का बंद केलेस, असे एक विचारतो. मी केले नाही, असे दुसरा सांगतो. कोण कोणाला म्हणाले, हे अहवाल सांगत नाही. वृत्तवाहिन्यांनी मात्र निकालही देऊन टाकला!

दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच सुमारे एका सेकंदाच्या अंतराने 'कटऑफ'वर गेले; दहा सेकंदांनी पहिला पुन्हा 'रन'वर आला. हा स्विच आधी वर उचलावा लागतो, मगच सरकतो. धक्क्याने सहसा हलत नाही. पण विमानातील रेकॉर्डरला विद्युतसंकेत कळतो, त्यामागचा हात नव्हे. माणूस दोषी ठरला की स्विच, वायरिंग आणि संगणकाची तपासणी उरकली जाते, हा खरा धोका. या स्विचच्या लॉकबद्दल अमेरिकी विमान वाहतूक नियामकाने २०१८मध्येच सूचना काढली होती. ती केवळ सल्लावजा म्हणून एअर इंडियाने तपासणी केली नव्हती.

२६० मृत्यूंनंतर तरी अशा सूचना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने बंधनकारक कराव्यात. अंतिम अहवालात त्या क्षणांचे संभाषण वेळेसह, शब्दशः आले पाहिजे.