मूळ रिमोट जिवंत आहे तोवर

‘डीव्हीडी प्लेअर बिघडला’ असे सांगण्यात येते तेव्हा पुष्कळदा बिघडलेला असतो तो केवळ त्याचा रिमोट. महाविद्यालयांच्या भाषाविभागांत नाटकांची, काव्यवाचनांची चित्रीकरणे असलेल्या तबकड्या कपाटांत पडून असतात. रिमोट गेला की सुस्थितीतले यंत्र भंगारात जाते आणि पाठोपाठ त्या तबकड्याही मुक्या होतात. हा निवाडा आम्हांस फार घाईचा वाटतो.

या घाईला वाट करून दिली ती मात्र निर्मात्यांनी. जुन्या रेडिओकडून जे करून घ्यायचे ते त्याच्या अंगावरच्या खुंट्यांनी करता येई. डीव्हीडी प्लेअरच्या दर्शनी भागावर बहुधा तीनचारच बटणे उरली. बाणांची बटणे आणि सेटअप रिमोटवर गेले. तबकडी घालावी, पडद्यावर अनुक्रमणिका उमटावी आणि तिसऱ्या अंकापर्यंत पोचण्याची सोयच नसावी! जी वस्तू हरवण्याची, पडून फुटण्याची शक्यता सर्वाधिक, तिच्याच हाती साऱ्या किल्ल्या देणे हा रचनेचा दोष होय. वापरणाऱ्याचा हलगर्जीपणा नव्हे.

तेव्हा प्रथम निदान. नवे सेल घालून रिमोटचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरावे व बटण दाबावे. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश तेथे फिकट जांभळट ठिपक्यासारखा लुकलुकतो. (मागच्या कॅमेऱ्यात न दिसल्यास पुढचा वापरून पाहावा, काही कॅमेऱ्यांत हा प्रकाश गाळला जातो.) काही बटणे चालतात व काही नाहीत, असे असेल तर रबरी बटणांखालचा कार्बनचा थर मळलेला किंवा झिजलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने मळ निघतो. झीज भरून येत नाही.

मग बदली रिमोट. पुण्याच्या तापकीर गल्लीत वा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुना रिमोट दाखवून त्याच्यासारखा दुसरा मागण्याचा प्रघात आहे. परंतु रूप सारखे म्हणून भाषा सारखी असे नाही. फिलिप्सची आरसी-५ ही संकेतपद्धती ३६ किलोहर्ट्‌झवर चालते, एनईसीची ३८वर, सोनीची ४०वर. शिवाय प्रत्येकीची संकेतरचना वेगळी. ‘युनिव्हर्सल’ म्हणवणारे रिमोट यांतल्या अनेक भाषा जाणतात, पण बहुधा कामचलाऊच. चालू-बंद आणि आवाज एवढे जमते. सेटअप, उपशीर्षके, अनुक्रमणिका यांशी गाठ पडली की ते गप्प. आमच्या कामाची नेमकी तीच बटणे!

म्हणून आमचा कौल ‘लर्निंग’ रिमोटला. दोन्ही रिमोट समोरासमोर ठेवायचे, मूळ रिमोटचे एकेक बटण दाबायचे, नव्याने तो संकेत टिपून घ्यायचा. भाषा कोणती, निर्माता आज हयात आहे की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. अट एकच: मूळ रिमोटला बोलता आले पाहिजे. तो पुरता गेल्यावर शिकणार कोणाकडून? ओव्या गोळा करत गावोगाव हिंडलेल्या संकलकांना ही निकड सांगावी लागणार नाही.

एकच बटण दोनदा दाबावे लागू लागले की हे काम हाती घ्यावे. प्रारंभ आवाजाच्या बटणांपासून करू नये. आवाज टीव्हीवरूनही कमीजास्त करता येतो. आधी सेटअप, चारही बाण आणि ‘ओके’ शिकवून घ्यावेत.