फॉस्फेटची कांच आणि पुढील पिढ्या

कांच म्हणजे क्षणभंगुरतेची मूर्तिच, अशी आपली समजूत असते. असें असतां मनुष्यानें निर्माण केलेल्या अत्यंत घातक कचऱ्याची राखण आज कांचेकडेच सोंपविलेली आहे, हें ऐकून कित्येकांस नवल वाटेल. अणुभट्टींत वापरलेल्या इंधनावर रासायनिक प्रक्रिया केली म्हणजे एक किरणोत्सर्गी द्रव मागें उरतो. त्यांतील सीझियम व स्ट्राँशियम यांचा किरणोत्सर्ग निम्मा होण्यास सुमारें ३० वर्षें लागतात. त्यांत अल्पांशानें राहिलेल्या प्लुटोनियमास तर सुमारें २४,००० वर्षें! असा द्रव टांक्यांत सांठविणें किती धोक्याचें आहे, हें सोव्हिएट रशियांतील मायाक येथें २९ सप्टेंबर १९५७ रोजीं दिसून आलें. थंड ठेवण्याची व्यवस्था बिघडून एका टांकीचा स्फोट झाला, आणि दहा हजारांहून अधिक लोकांस आपलीं घरें सोडावीं लागलीं. म्हणूनच हा कचरा कांचेंत वितळवून तिच्या अणुरचनेंतच गुंतवून टाकण्याची रीत पुढें आली.

बहुतेक राष्ट्रांनीं, आणि आपल्या तारापूरनेंहि, वाळू व बोरॉन यांपासून होणारी कांच पसंत केली. मायाक येथें मात्र १९८७ पासून फॉस्फेटची कांच उपयोगांत आणली गेली. "फॉस्फेटची कांच पाण्यांत विरघळते, तिच्यावर विश्वास कसा ठेवावा?" असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाहीं. परंतु तो अपुरा आहे, असें माझें मत आहे.

वाळूच्या कांचेंत सिलिकॉनचा प्रत्येक अणु चार ऑक्सिजनांच्या द्वारें चार शेजाऱ्यांचे हात धरून असतो. फॉस्फरसलाहि चार ऑक्सिजन असतात. पण त्यांपैकीं एक त्याच्याशींच दुहेरी बंधानें जखडलेला असल्यामुळें शेजाऱ्यांसाठीं फार तर तीनच हात उरतात. शिवाय फॉस्फरस–ऑक्सिजन–फॉस्फरस हा दुवा पाणी सहज तोडतें. साध्या फॉस्फेटची कांच हवेंतील ओलाव्यानेंहि बिघडते, त्याचें कारण हेंच. परंतु तींत लोखंडाचा ऑक्साइड पुरेसा घातला म्हणजे लांब साखळ्या तुटून लहान होतात, आणि त्यांच्यामध्यें लोखंड उभें राहतें. नवा फॉस्फरस–ऑक्सिजन–लोखंड हा दुवा पाण्यास सहजासहजीं दाद देत नाहीं. अमेरिकेंतील ओक रिज येथील सेल्स व बोटनर यांनीं १९८४ मध्यें शिसें व लोखंड घातलेल्या फॉस्फेट कांचेचे गुण प्रसिद्ध केले. पुढें मिसूरी येथील डेल्बर्ट डे व त्यांचे सहकारी यांनीं केवळ लोखंडाच्या फॉस्फेट कांचेचा कसून अभ्यास केला. कित्येक प्रयोगांत ही कांच बोरॉनच्या कांचेच्या तोडीची ठरली. क्रोमियम, मॉलिब्डेनम यांसारखीं जीं द्रव्यें बोरॉनच्या कांचेंत फारशीं सामावत नाहींत, त्यांस ही अधिक जागा देते.

तात्पर्य, केवळ नांवावरून पदार्थाची योग्यता ठरवूं नये. त्याचे दुवे पाहावे. तथापि दुसऱ्या टोंकासहि जाऊं नये. वितळलेलें फॉस्फेट भट्टीच्या विटाच खातें, आणि कांच फार तापून तिचे स्फटिक बनले तर तिची पाण्यास तोंड देण्याची शक्ति घटूं शकते. प्रयोगशाळेंतील कांहीं महिन्यांची परीक्षा ही सहस्रावधि वर्षांची हमी नव्हे. यास्तव कांच कोणतीहि असो, तिच्याभोंवतीं पोलादाचें वेष्टण आणि त्याबाहेर खोल, कोरडा खडक असलाच पाहिजे.

पालकांनीं या विषयाकडे परक्याचा म्हणून पाहूं नये. १९६९ मध्यें तारापूरच्या अणुभट्ट्या सुरू झाल्यापासून त्यांच्या विजेचा लाभ महाराष्ट्रास मिळत आला आहे. ज्यांनीं उजेड भोगला त्यांनींच राख आवरावी, हा घरोघरचा नियम आहे. तो राष्ट्रांसहि लागू आहे. ज्यांस आपली भाषाहि कदाचित् कळणार नाहीं, अशा वंशजांचें पिण्याचें पाणी निर्मळ ठेवणें हें आपलें कर्तव्य होय. आणि विद्यार्थिमित्रांनो, रसायनशास्त्राच्या तासाला फळ्यावर जे बंध तुम्हीं रुक्ष म्हणून कंटाळून उतरवून घेतां, त्यांच्याच बळकटीवर या कर्तव्याची सिद्धि अवलंबून आहे. ते नीट समजून घ्या. पुढील परीक्षा तुमच्याच हातून व्हावयाच्या आहेत.