सरळ रेषेचा सेक्रेटरी

आमच्या सोसायटीचा मी गेली नऊ वर्षं सेक्रेटरी आहे. या पदासाठी फारशी पात्रता लागत नाही. निवडणुकीच्या सभेला गैरहजर राहिलं की पुरतं. पण एकदा सेक्रेटरी झालं की माणसाची नजर बदलते. ताजमहालासमोर उभं राहूनसुद्धा वाळत घातलेले टॉवेल कुठे दिसतात का, ते तो आधी पाहतो.

त्यामुळे व्हिएन्नात मुलीने कुन्स्टहाऊसचं तिकीट हातात ठेवलं, तेव्हा दारातच मला चार नोटिसा सुचल्या. १८९२ सालचा हा थोनेटचा खुर्च्यांचा कारखाना. हुंडर्टवासर नावाच्या चित्रकाराने त्याचा कायापालट केला आणि १९९१ साली तिथे त्याच्याच चित्रांचं संग्रहालय उघडलं. बाहेरची भिंत म्हणजे पावसात भिजून फुगलेला बुद्धिबळाचा पट! आत जमिनीला चढ, उतार, उंचवटे. पाय टेकतो तिथे जमीन असेलच अशी खात्री नाही.

"अहो, सांभाळून!" ही म्हणाली.

"कंत्राटदाराचं बिल अडवायला हवं होतं," मी म्हणालो.

मुलीने समजावलं, की हे मुद्दाम आहे. सरळ रेषेशी या गृहस्थाचं जन्माचं वैर होतं. सपाट जमिनीवर माणूस यंत्रासारखा चालतो, असं त्याचं मत. माझ्या गुडघ्यांचं मत निराळं पडलं. पण त्यांना तिकीट लागत नसल्यामुळे कोणी विचारलं नाही.

खरा घाव पुढेच बसला. हुंडर्टवासरने १९५८ सालच्या आपल्या जाहीरनाम्यात 'खिडकीचा हक्क' मागितला होता. भाड्याच्या घरात राहणाऱ्यानेसुद्धा खिडकीतून बाहेर वाकावं आणि हात पोचेल तिथपर्यंत भिंत हवी तशी रंगवावी. इथे एक स्वतंत्र माणूस राहतो, हे रस्त्यावरून कळलं पाहिजे! पुढे १९८५ मध्ये व्हिएन्नाच्या नगरपालिकेनेच त्याच्या कल्पनेप्रमाणे भाडेकरूंसाठी इमारत बांधली. संग्रहालयापासून ती चालत पाच-सात मिनिटांवर आहे. प्रत्येक घराला निराळा रंग, छपरावर झाडं, काही झाडं तर खिडकीतून बाहेर डोकावणारी. खाली जगभरचे प्रवासी माना वर करून फोटो काढतात. मीही काढले. अकरा.

बारावा काढताना आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आठवल्या. त्यांनी खिडकीभोवती हिरवा पट्टा ओढून कोकणातल्या घरासारखी दोन जास्वंदीची फुलं काढली होती. 'इमारतीच्या बाह्यस्वरूपास बाधा' या मथळ्याखाली मी त्यांना नोटीस दिली आणि सात दिवसांत त्यावर सोसायटीचा बदामी रंग फासून घेतला. खर्च त्यांच्याकडून.

आता कोणी म्हणेल, बाहेरची भिंत सगळ्यांची असते. प्रत्येकाने मनमानी केली तर इमारतीचा तमाशा होईल. नऊ वर्षं मीही हेच म्हणत आलो. गळणारं पाणी, पडणारं प्लास्टर, जिन्यातला कचरा यांना नियम हवेतच. पण आजींच्या जास्वंदीने कोणाच्या घरात पाणी गळत होतं? आणि बदामी रंगाला सौंदर्य कोण म्हणतं? तो कोणालाच आवडत नव्हता, म्हणून तर एकमताने पास झाला! व्हिएन्नातल्या त्या इमारतीच्या भाडेकरूला जो हक्क आहे, तो आमच्याकडे आयुष्याची पुंजी ओतून घर घेणाऱ्याला नाही. आपण आत मालक असतो आणि खिडकीबाहेर हात काढला की गुन्हेगार. वर तोच गुन्हा परदेशात तिकीट काढून बघतो आणि 'काय कल्पकता!' म्हणतो.

परत आल्यावर हिरव्या रंगाचा डबा घेऊन मी आजींकडे गेलो. म्हटलं, "पुढच्या वार्षिक सभेत ठराव मांडतोय. खिडकीतून हात पोचेल तिथपर्यंत ज्याची त्याची भिंत."

आजींनी डबा पाहिला, मग मला पाहिलं.

"मांड बाबा लवकर," त्या म्हणाल्या. "ठराव पास होईस्तोवर माझा हात तरी वर जायला हवा ना!"

सभा अजून दोन महिन्यांवर आहे. डबा मी त्यांच्याकडेच ठेवून आलोय. त्यांनी आधीच ब्रश उचलला, तर नोटीस काढणारा सेक्रेटरी तेव्हा गावात नसेल, एवढी व्यवस्था मी करतो.