न दिसणाऱ्या ग्रहांचा पहारा

हैदराबादच्या आबिड्स चौकात रात्री मान वर करणाऱ्यास आज चंद्र आणि दोनचार तेजस्वी ग्रहतारे यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. दुकानांच्या झगमगाटाने तेथील आकाश पुसून टाकले आहे. तथापि, याच आबिड्सच्या शेजारच्या निजाम कॉलेजात शिकलेले वेणू बाप्पू पुढे आधुनिक भारतीय खगोलशास्त्राचे एक शिल्पकार ठरले. त्यांचे वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत होते. या वेधशाळेने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, आकाशाचा नकाशा तयार करण्याच्या आंतरराष्ट्रीय कार्यात आपल्या वाट्याचा पट्टा उचलला आणि काचेवरील छायाचित्रांतून लक्षावधी ताऱ्यांची स्थाने मोजून ती प्रसिद्ध केली. ना गाजावाजा, ना सत्कार. वर्षानुवर्षे केवळ मोजणी.

हे स्मरण करण्यास कारण आहे. ग्रहशोधनाची एक विलक्षण पद्धत गेल्या काही दशकांत सिद्ध झाली असून ती अशाच चिवट मोजणीवर उभी आहे. तिचे तत्त्व सोपे आहे. दूरचा एक तारा आणि आपण यांच्यामध्ये दुसरा तारा नेमका एका रेषेत आला, की त्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागील ताऱ्याचे किरण वाकतात आणि भिंगातून पाहावा तसा तो काही दिवस अधिक तेजस्वी दिसतो. मधल्या ताऱ्याला ग्रह असेल, तर या तेजाच्या चढउतारात काही तासांची वा एकदोन दिवसांची आणखी एक लहानशी खूण उमटते. आइन्स्टाइन यांनी १९३६ साली हे गणित प्रसिद्ध केले. मात्र असे दृश्य प्रत्यक्ष पाहावयास मिळण्याची त्यांना फारशी आशा नव्हती. ते स्वाभाविकही होते. आकाशगंगेच्या मध्याकडील दहा लाख ताऱ्यांपैकी कोणत्याही क्षणी सुमारे एकाच ताऱ्याच्या बाबतीत हा योग जुळतो. पोलिश शास्त्रज्ञ बोहदान पाचिन्स्की यांनी १९८६ साली यावर उपाय सुचविला, तो असा की कोट्यवधी ताऱ्यांवर सतत नजर ठेवावी. १९९३ मध्ये अशा पहिल्या नोंदी हाती आल्या आणि २००३ मध्ये या मार्गाने पहिला ग्रह सापडला.

या पद्धतीस ग्रहाच्या प्रकाशाची गरज लागत नाही. त्याचे वस्तुमान पुरते. म्हणूनच कोणत्याही सूर्याभोवती न फिरणारे, अंधारात एकटे भटकणारे ग्रहही तिच्या साह्याने हुडकता येतात. २०१६ साली टिपल्या गेलेल्या व २०२० साली जाहीर झालेल्या अशा एका घटनेचे कालमान अवघे ४२ मिनिटांच्या आसपास होते. तो पिंड पृथ्वीएवढा किंवा त्याहूनही लहान असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. गुरूएवढे भटके ग्रह ताऱ्यांच्याही दुपटीने असावेत, असे अनुमान २०११ साली निघाले होते. २०१७ मध्ये कित्येक पट अधिक नोंदी तपासल्यावर, चार ताऱ्यांमागे असा एकही ग्रह असलाच तर, असे दिसून आले. खळबळजनक अनुमानाची दुरुस्ती अखेर अधिक मोजणीनेच झाली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आपल्या परंपरेने राहू आणि केतू यांना छायाग्रह मानले. ते पिंड नव्हेत, चंद्राच्या मार्गावरील दोन छेदनबिंदू आहेत, हे जाणूनही त्यांचे स्थान गणिताने काढण्याची शिस्त आपल्या ज्योतिर्विदांनी पाळली. या नव्या ग्रहांना कोणत्याही कुंडलीत घर नाही आणि त्यांची शांतही करावी लागणार नाही. परंतु जे दिसत नाही त्याचा माग गणिताने काढावा, ही वृत्ती मात्र आपल्याला परकी नाही. गुरुत्वीय भिंगाचा पहिला पुरावा सापडला त्याच १९७९ साली शशिकुमार चित्रे आणि जयंत नारळीकर यांनी या परिणामावर आधारलेला शोधनिबंध प्रसिद्ध केला होता, याचा मराठी वाचकास अभिमान वाटावा.

प्रश्न आहे तो पुढचा. नैनिताल येथील १०४ सेंटिमीटरच्या दुर्बिणीने १९९८ पासून चार वर्षे देवयानी दीर्घिकेवर पहारा ठेवून असा एक संभाव्य योग टिपला, हे आपल्याकडील उत्तम उदाहरण होय. उलटपक्षी, बेगमपेठेचे आकाश उजेडाने भरल्यावर उस्मानिया विद्यापीठाने शहराबाहेर जपाळ-रंगापूर येथे १९६८ साली ४८ इंची दुर्बीण उभारली, १९८० च्या खग्रास ग्रहणात तिचे नाव झाले, आणि पुढे तीही मागे पडली. यंत्र आणताना समारंभ होतो. ते रोज रात्री चालविणाऱ्या माणसाची तरतूद मात्र अंदाजपत्रकात शोधावी लागते. चिली, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया येथील दुर्बिणी आज आळीपाळीने आकाशगंगेच्या मध्यावर डोळा ठेवून आहेत. ऑस्ट्रेलिया व आफ्रिका यांमधील रेखांशावर आपला देश आहे. पावसाळा आड येतो हे खरे. पण चैत्र-वैशाखातील पहाटेचे निरभ्र आकाश तर आपलेच आहे!

आणि यासाठी मोठेच यंत्र हवे असेही नाही. २००५ साली सापडलेल्या एका ग्रहाच्या शोधात न्यूझीलंडमधील जेनी मॅककॉर्मिक या हौशी निरीक्षिकेने घरच्या लहान दुर्बिणीने भाग घेतला होता. आमच्या गोव्यातील आणि कोकणातील महाविद्यालयांना एवढे साधणार नाही काय? सरकारने किनाऱ्यावरील व महामार्गांवरील दिव्यांना जमिनीकडे तोंड करणारी झाकणे बसवावीत, डोंगरावरची एखादी जागा अंधारासाठी राखून ठेवावी, आणि विद्यापीठाने तेथे एक निरीक्षक कायम नेमावा, एवढीच आमची मागणी आहे. ज्या ग्रहाला स्वतःचा सूर्य नाही, तोही कोणी तरी जागा राहिल्यामुळेच जगाला कळतो. त्या जागणाऱ्यांत आपल्या मुलांचीही नावे असावीत.